अकरा थरांचा लाकडी पाय

माझ्या टाचेला चामड्याचे आठ थर आहेत. प्रत्येक थर दोन सूत जाड आहे. आठ सूत म्हणजे एक इंच, हे तुम्हाला कोणताही सुतार सांगेल. आठव्या थराच्या पाठीवर सरसाचे पिवळे डाग आहेत आणि बारीक खिळ्यांची सहा भोके आहेत. त्या भोकांत आता खिळे नाहीत. म्हणजे त्या जागी पूर्वी आणखी काहीतरी होते.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. घाबरू नका. बूट शिवणारे मिस्तरी माझ्यासारख्या लाकडाला कलबूत म्हणतात. बूट तयार होईपर्यंत माणूस काही दुकानात पाय पुढे करून बसत नाही. म्हणून त्याच्या मापाचा लाकडी पाय करतात आणि त्यावर चामडे ताणून बूट शिवतात. मग माणूस बूट घालून निघून जातो आणि लाकूड भिंतीवर राहते. चिंचवडच्या या दुकानात भिंतीला असे साठ-बासष्ट पाय टांगलेले आहेत. कोणाचा अंगठा वाकडा, कोणाची टाच रुंद. त्या सगळ्यांची माणसे कधी ना कधी दारातून आत आली होती. माझे माणूस मात्र या दारातून कधीच आले नाही.

माझा जन्म चीनच्या दक्षिणेकडील एका डोंगरी खेड्यात झाला. मला घडवणारा बूट शिवणारा तरुण होता, त्याचे नाव तालिन. त्याची मुलगी मेइलान तेव्हा पाच वर्षांची होती. त्याने तिला कागदावर उभे केले आणि शिसपेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढली. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाशी आली की तिला गुदगुल्या होत आणि ती पाय उचलून घेई. तीन कागद वाया गेले. चौथ्या कागदावरून, कापराच्या झाडाच्या लाकडातून, आम्ही दोघे झालो, डावा आणि उजवा. मी उजवा. लांबी साडेसहा इंच.

पण आमच्यावर बूट चढले नाहीत. देशात लढाई चालू होती, चामडे मिळत नव्हते. तालिनने कलकत्त्याला जायचे ठरवले. तिथे त्याच्या भागातली पुष्कळ माणसे हाच धंदा करीत. निघताना त्याने डावा पाय मुलीच्या आजीपाशी ठेवला आणि मला फडक्यात बांधून घेतले.

"एक वर्ष," तो म्हणाला. "दोन्ही पाय एका जागी आले की बूट शिवीन."

"तेवढ्यात माझा पाय वाढला तर?" मेइलानने विचारले.

तालिनने अंगठा आणि तर्जनी यांच्यात जराशी फट धरून दाखवली. एवढाच वाढेल.

ती फट दोन सूत होती.

कलकत्त्यात बूट घालणाऱ्यांपेक्षा शिवणारेच जास्त झाले होते. कोणीतरी तालिनला सांगितले की पुण्याजवळ पिंपरीला निर्वासितांची मोठी छावणी वसली आहे आणि तिकडे चांगला बूट शिवणारा नाही. म्हणून एकोणीसशे एकोणपन्नास साली आम्ही चिंचवडला आलो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाळाजींचे घर होते. बाळाजी पवनेकाठी शेती करीत. पुढे पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना निघाला तेव्हा ते तिथे बॉयलरवर लागले. घराची रस्त्याकडची खोली त्यांनी तालिनला भाड्याने दिली.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली, ती मी तुम्हाला नीट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. तालिनला बाळाजींच्या पायाचे माप घ्यायचे होते. त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि खुणेने त्यावर उभे राहायला सांगितले. बाळाजींनी पाय उचलला, आणि दारातून त्यांच्या पत्नी रतनबाई आत आल्या.

"अवं, थांबा. मिस्तरी, ह्या कागदावर अक्षरं हायेत."

"आहेत," तालिन म्हणाला. तेव्हा त्याला मराठीतले वीसेक शब्द येत होते आणि त्यांपैकी हा एक होता.

"मग अक्षरावर पाय कसा ठिवायचा? पाप लागंल." त्यांनी वर्तमानपत्र उचलले, कपाळाला लावले आणि फळीवर ठेवून दिले.

तालिनने कोरा कागद काढला. रतनबाईंनी तोही उचलला.

"आज कोरा हाय. उद्या कुनी त्यावर लिवलं, मंग?"

"पोस्टाचं तिकीट तरी चालंल का?" बाळाजी एका पायावर उभे राहून म्हणाले.

रतनबाई आत गेल्या आणि परातीत गोवऱ्यांची चाळलेली राख घेऊन आल्या. तिच्यावरून त्यांनी तळहात फिरवला. राख दुधावरच्या सायीसारखी सपाट झाली. "ह्यात ठिवा पाय. राखंला काय वाटत न्हाई."

तेव्हापासून तालिनच्या दुकानात राखेची परात आली. गिऱ्हाईक राखेत पाय ठेवून उचली, तालिन ठशावर पट्टी धरून मापे घेई, आणि मग तळहाताने राख सारखी करी. मापे मोजताना तो आपल्या भाषेत आकडे म्हणत असे. त्या दहा वर्षांत चिंचवडमधल्या कोणीही त्याला कागदावर पाय काढताना पाहिले नाही.

दरवर्षी माघाच्या आसपास तालिनच्या देशाचे नवे वर्ष सुरू होई. त्या दिवशी तो दुकान बंद ठेवी आणि मला खिळ्यावरून काढी. दोन सूत जाडीचे चामडे कापून सरस लावून, खिळे मारून ते माझ्या टाचेवर बसवी. दोन्ही कडांनाही पातळ पट्ट्या लावून घाशी. मेइलान एक वर्षाने मोठी झाली, म्हणून मीही झालो. पहिल्या वर्षी, कलकत्त्यात, तो हसत होता. पाचव्या वर्षी त्याने थर लावल्यावर मला बराच वेळ तळहातावर धरून ठेवले, जसा लहान मुलाचा पाय धरतात तसा. आजी कोणाकडून तरी पत्र लिहवून घेई, पण पायाचे माप काही पाठवत नसे. पोरीचा पाय वाढतो आहे, आज पाठवलेले माप पोचेपर्यंत लहान होईल, असे ती म्हणे. म्हणून तालिन अंदाजाने चालला होता. एकोणीसशे एकोणसाठपर्यंत माझ्यावर अकरा थर चढले. लांबी सव्वानऊ इंच. बाहेरून मी चामडे दिसत होतो. लाकूड खोल आत राहिले होते आणि त्याचा कापराचा वास अगदी जवळ नाक नेल्याशिवाय येत नसे.

मित्रांनो, ज्या मुलीचा मी पाय होतो, तिला मी दहा-अकरा वर्षांत पाहिले नव्हते. तरी मी दरवर्षी वाढत होतो.

तालिन परदेशी माणूस असल्यामुळे दर नोव्हेंबरात पोलीस ठाण्याचे जमादार मारुतराव दुकानात येत आणि एक छापील अर्ज भरून घेत. नाव, गाव, धंदा. मग एक रकाना असे : मुक्काम किती दिवस?

"एक वर्ष," तालिन म्हणे.

शेवटी हमी देणाऱ्याची सही लागे. ती बाळाजी करीत. चहा होई, मारुतराव आपले बूट पॉलिश करून घेत आणि जात. दहा वेळा असे झाले. दहाही वेळा तालिन "एक वर्ष" म्हणाला.

बाळाजींची मुलगी रंभा तीन वर्षांची असताना तापाने आजारी पडली आणि तिचा डावा पाय बारीक राहिला. तो उजव्यापेक्षा आखूड होता. ती भिंत धरून चाले. तालिनने तिच्या डाव्या पायासाठी जाड तळाचा बूट शिवला. तळाची जाडी बरोबर यायला त्याने चार वेळा बूट उसवला. पाचव्या वेळी रंभा भिंत सोडून परातीपर्यंत गेली आणि राखेत बुटासकट उभी राहिली. पाय वाढे तसा दरवर्षी तिच्यासाठी नवा लाकडी पाय लागे. तिचे जुने सात पाय माझ्या शेजारी ओळीने टांगलेले आहेत. ते खऱ्या मापाचे आहेत. मला त्यांचा थोडा हेवा वाटे.

एकोणसाठच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, लडाखकडच्या सरहद्दीवर चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले पोलीस शिपाई मारले गेल्याची बातमी आली. वर्तमानपत्रात नकाशा छापला होता. त्यात डोंगर होते, मैलांचे आकडे होते आणि सरहद्दीची ठिपक्यांची रेघ होती. तो नकाशा कापून कोणीतरी दुकानासमोरच्या लिंबाला चिकटवला.

तालिनने त्या दिवशी आपली पाटी उतरवली. तिच्यावर मराठीच्या खाली त्याच्या लिपीतली तीन अक्षरे होती. दुसऱ्या दिवशी त्याने दाराची एक फळी लावूनच घेतली. जेवायला तो आता आतल्या कोपऱ्यात, पाठ दाराकडे करून बसू लागला. नदीवर फिरायला जाणे सोडले. आणि एके दुपारी रंभाच्या बुटाचे माप मोजताना तो "एक, दोन, तीन" असे मराठीत म्हणाला. मी दचकलो. त्याच्या आकड्यांच्या आवाजातच माझे माप झाले होते.

"तालिनमामा, तुमचे आकडे विसरलात?" रंभाने विचारले.

"हे पण माझेच आहेत," तो म्हणाला.

त्यानंतर गिऱ्हाईक आलेच नाही. भिंतीवर साठ पाय होते आणि दारात एकही नव्हता. तालिन रोज सकाळी परातीवर तळहात फिरवी. राख कालच सपाट केलेली असे, तरी फिरवी. संध्याकाळपर्यंत तिच्यावर काही उमटत नसे. निकामी होऊन पडलेली हत्यारे मी पुष्कळ पाहिली आहेत, मित्रांनो. पण त्या रिकाम्या राखेकडे मला पाहवत नसे.

मग पत्र आले. ते पोस्टमनने आणले नाही, मारुतरावांनी आणले, आणि ते उघडलेले होते. त्यांनी ते तालिनच्या हातात दिले. "वाच. मराठीत सांग."

तालिनने उभ्याउभ्याच वाचले. मेइलानने स्वतः लिहिलेले ते पहिले पत्र होते. आजी वारली. मी आता लिहायला शिकले. माझा पाय वाढायचा थांबला आहे. दोन वर्षे थांबून खात्री केली आणि आता माप पाठवते आहे. गेल्या थंडीत गावात पोलादाच्या भट्ट्या पेटवल्या, तेव्हा घराघरांतले लाकूड जळणासाठी गोळा केले. त्यात डावा पाय गेला.

एवढे त्याने सांगितले. एक ओळ मात्र सांगितली नाही. ती त्याने नंतर, मला मांडीवर घेऊन, हळू म्हणून दाखवली : तुम्ही येऊ नका, बाबा. बाहेरून आलेल्याची इथे आता फार चौकशी होते.

पत्रासोबत दुसरा एक कागद होता. तालिनने हात पुढे केला, पण मारुतरावांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

"हा साहेबांना दाखवायचाय. आणि ह्या वेळी नियम कडक आहे, मिस्तरी. शनिवारी सकाळी मी येईन. हमीदाराची सही नसली, तर देश सोडायची नोटीस लागेल."

कापूर जळाला की मागे काही उरत नाही, हे तुम्ही आरतीच्या ताटात पाहिले असेल. मी माझ्या जोडीदाराचा विचार करीत होतो. तालिन कशाचा विचार करीत होता, ते मला कळले नाही. तो राखेच्या परातीकडे पाहत होता.

बाळाजींना त्याने त्याच संध्याकाळी सहीबद्दल विचारले.

"उद्या बघू," बाळाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले. कारखाना सरकारी होता. कँटीनमध्ये कोणीतरी विचारले होते, "काय बाळाजीराव, चिन्याला घरात ठिवलाय म्हनं? पगार सरकारचा आन् भाडं चीनचं?" सगळे हसले होते. बाळाजी हसले नव्हते. ते घरी येताना आता मागच्या दाराने येऊ लागले.

आतल्या भिंतीपलीकडे रतनबाईंचा आवाज मला ऐकू येई. "अवं, धा वर्सं सही केलीत. आत्ताच पेन जड झालं व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? नोकरी गेली तर?"

"आन् मिस्तरी गेला तर रंभाचा बूट कोन करंल? ती परत भिंत धरून चालंल."

असे पाच दिवस गेले.

शनिवारी सकाळी मारुतराव आले. त्यांनी स्टुलावर अर्ज ठेवला आणि शेजारी तो कागद उलगडला. तालिनने तो तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. दारात रतनबाई आणि रंभा येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे, अर्धे घरात आणि अर्धे बाहेर, बाळाजी होते.

"बस," मारुतराव म्हणाले. "हे काय आहे?"

"पाय," तालिन म्हणाला.

"पाय. मला येडा समजतोस?" त्यांनी कागदावर बोट ठेवले. "ही वळणाची रेघ, ही नदी. ह्या वर पाच टेकड्या. ही ठिपक्यांची रेघ, समोर लिंबावर नकाशा लावलाय त्यात आहे तशीच, सरहद्द. आणि हे आकडे मैलांचे. त्याच्याखाली तुमची अक्षरं. साहेबांचंही हेच म्हणणं आहे."

"ठिपके म्हणजे बूट इथे वाकतो. आकडे रुंदीचे. माझ्या मुलीचा पाय आहे, जमादारसाहेब. कागदावर उभी राहिली आणि रेघ ओढली."

"कागदावर उभी राहिली?" मारुतराव थंडपणे म्हणाले. "अक्षरं लिहिलेल्या कागदावर? वाट्टेल ते सांगू नकोस. कुणाची पोर अक्षरांवर पाय देईल? दहा वर्षं बघतोय, तू स्वतः राखेत माप घेतोस. माझ्या ह्या बुटांचं घेतलंस तेही राखेतच."

"तेच बूट घालून आलाय न्हवं?" रतनबाई दारातून म्हणाल्या.

मारुतरावांनी पाय जरा मागे घेतले. "वहिनी, मेले ते आमच्यासारखेच पोलीस होते. घरी बायकापोरं होती त्यांनाही. मला विचारावंच लागतं."

मग तालिनने मान वर केली आणि भिंतीकडे पाहिले. त्याने मला खिळ्यावरून काढले. "हा तिचाच पाय आहे. अकरा वर्षं झाली. बघा." त्याने माझी टाच रेघेतल्या टाचेवर ठेवली आणि मला कागदावर टेकवले.

मी बसलो नाही.

माझा अंगठा रेघेच्या पुढे गेला होता. मारुतरावांनी तालिनचीच पट्टी उचलून मोजले. कागदावरचे माप साडेआठ इंच. मी सव्वानऊ. पाऊण इंचाचा फरक, म्हणजे सहा सूत. कडांनीही मी रेघ झाकून टाकली होती.

"हा तिचा पाय, हाही तिचा पाय, आणि दोन्ही वेगवेगळे," मारुतराव म्हणाले. "झालं?"

मित्रांनो, मला बोलता येत नाही. त्या दिवशी मी त्याचा एकमेव साक्षीदार होतो आणि माझ्यामुळेच तो खोटा ठरला. पण तालिनचे मारुतरावांकडे लक्ष नव्हते. तो माझ्या पुढे आलेल्या अंगठ्याकडे पाहत होता. ज्या मुलीला तो दरवर्षी वाढवत होता, ती कुठेच नव्हती. खरी मुलगी सहा सूत लहान होती. दोन वर्षे तिचा पाय वाढला नव्हता, त्याचे चार सूत. उरलेले दोन सूत कोणत्या वर्षाचे, त्या वर्षी घरात खायला किती होते, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते.

तेवढ्यात रतनबाई पुढे आल्या. त्यांनी मला कागदावरून उचलून स्टुलाच्या कडेला ठेवले. ठेवताना जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्याला देवघरासारखा वास येतोय." मग त्यांनी कागद घेतला, कपाळाला लावला आणि जमिनीवर पसरला.

"आई, त्यावर अक्षरं आहेत," रंभा म्हणाली.

"दिसतंय मला." त्यांनी हात जोडले, कोणाला ते कळले नाही. लुगड्याचा काठ किंचित वर धरला आणि उजवा पाय कागदावर ठेवला.

पाच बोटे त्या पाच टेकड्यांत गेली. तळव्याचा खोलगट भाग नदीच्या वळणावर आला. टाच रेघेच्या अर्धा सूत आत राहिली, बाकी रेघ सगळीकडून सारखी दिसत होती. रतनबाई ठेंगण्या होत्या. त्या अनवाणी चालत. त्यांच्या पायाचे माप कोणी कधी घेतलेच नव्हते.

"आता सांगा, जमादार," त्या म्हणाल्या. "ही नदी हाय, का बाईमानसाचा पाय?"

मारुतराव वाकून बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. "पायच आहे," ते म्हणाले. "साहेबांना सांगतो, मी स्वतः पाहिलं."

तालिन गुडघ्यांवर बसला होता. त्या रेघेत त्याने पहिल्यांदाच जिवंत पाय पाहिला. रतनबाईंनी पाय उचलला, कागद झटकला, पुन्हा कपाळाला लावला आणि त्याच्या हातात दिला. "घ्या. लेकीची वस्तू हाय."

मित्रांनो, तुमच्या घरातही असे काहीतरी जुने, बेढब, उपयोग नसलेले पडलेले असेल. ते फेकण्यापूर्वी एकदा विचारा, की हे कोणाच्या मापाचे आहे. आणि तुमच्या गल्लीत कोणी दूरच्या देशाचा माणूस राहत असेल, आणि त्या देशाशी आपले भांडण लागले, तर त्याच्या दारातली राख सपाट राहू देऊ नका. तिच्यात एक पाय ठेवायला फार वेळ लागत नाही. रतनबाईंना किती लागला, ते मी पाहिले आहे.

"पण हमीदार?" मारुतरावांनी अर्ज पुढे ओढला.

बाळाजी आत आले. पाच दिवसांत पहिल्यांदाच ते रस्त्याकडच्या खोलीत आले होते. "बायकोनं अक्षरावर पाय दिला," ते म्हणाले. "म्या निदान अक्षर तरी काढावं." पण पेन उचलून ते थांबले. "मिस्तरी, एक इचारू? धा वर्सं तू 'एक वर्ष' म्हनतोयस. म्या हमी कुनाची देतोय, जानाऱ्याची का ऱ्हानाऱ्याची? कारखान्यात मला उद्या इचारतील. सांगाया काय तरी पायजे."

"खरंच आहे," मारुतराव म्हणाले. "मुक्काम किती दिवस? एक वर्ष लिहू?"

तालिनने मला मांडीवर घेतले आणि चामडे कापायची रापी उचलली. तिचे पाते अकराव्या थराखाली घातले. सरस कोरडा झाला होता, थर कुरकुरत सुटला. मग दहावा. मग नववा. तीन थर त्याने जमिनीवर एकावर एक ठेवले. कडांच्या पट्ट्याही घासून काढल्या. मला दुखले नाही. हलके वाटले, आणि कापराचा वास खोलीभर झाला.

त्याने मला कागदावर टेकवले. रेघ माझ्या सगळ्या बाजूंनी सारखी दिसली.

मग तो आपल्या भाषेत काहीतरी आकडे पुटपुटला, बऱ्याच दिवसांनी. माप पुरे झाल्यावर त्याने मारुतरावांकडे पाहिले.

"एक वर्ष नको," तालिन म्हणाला. "लिहा, मी परत जाणार नाही. मी इथेच राहणार, मरेपर्यंत."